सुरी की सुई?

अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य, अशी आपल्याकडे म्हण आहे. हे दुखणे लाजेपोटी घरातही सांगितले जात नाही. मग अंधेरी-बोरिवली लोकलच्या डब्यात चिकटवलेली ‘बिनाऑपरेशन इलाजा’ची जाहिरात खुणावू लागते. म्हणूनच दोन उपचारांची तुलना विज्ञान कशी करते, ते पाहू.

गुदद्वाराच्या कडेला पडणारी चीर म्हणजे फिशर. आयुर्वेदातील ‘परिकर्तिका’ या शब्दातच कातरल्यासारखी वेदना आहे. बहुतेक चिरा कडक मलामुळे पडतात आणि लवकर भरतात. सहा-आठ आठवडे न भरलेली चीर जुनाट समजतात. ती का भरत नाही? गुदद्वाराभोवती स्नायूंची दोन कडी असतात. बाहेरचे आपल्या इच्छेने चालते, आतले आपोआप. वेदनेने आतले कडे आवळते, रक्तपुरवठा घटतो, जखम भरत नाही आणि वेदना टिकते. हे चक्र तोडायचे तर कडे सैल करायला हवे.

१८३८ मध्ये फ्रान्समध्ये रेकामिए यांनी ते ताणून सैल केले. पण ताण किती बसेल यावर ताबा नसे. १९५१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील आयझेनहॅमर यांनी आतल्या कड्याचा काही भाग कापण्याची पद्धत मांडली. मागच्या बाजूच्या छेदाने खाच राहून कपडे खराब होत, म्हणून छेद बाजूला सरकला. १९६९ मध्ये ब्रिटनमधील नोटारस यांनी तो त्वचेखालून घेतला.

सुईची कथा विषापासून सुरू होते. १८९५ मध्ये बेल्जियममधील एका गावात खारवलेले मांस खाऊन काही जण दगावले. फान एर्मेंगेम यांनी त्यातून जिवाणू वेगळा केला. त्याचे विष, बोट्युलिनम, मज्जातंतूचा संदेश अडवते. अमेरिकेतील अ‍ॅलन स्कॉट यांनी ते अतिसूक्ष्म मात्रेत तिरळेपणावर वापरले; १९९३ मध्ये जर्मनीत ते फिशरवर वापरल्याचे प्रसिद्ध झाले. १९९८ च्या रोममधील चाचणीत विष टोचलेल्या १५ पैकी ११, तर नुसते मिठाचे पाणी टोचलेल्या १५ पैकी २ रुग्णांची चीर दोन महिन्यांत भरली. ते दोघे महत्त्वाचे: तुलनेसाठी गट नसता, तर त्यांच्यासारख्यांचे श्रेयही औषधालाच गेले असते.

मग श्रेष्ठ कोण? २००३ मध्ये तुर्कस्तानातून प्रसिद्ध झालेल्या तुलनेत वर्षअखेर शस्त्रक्रियेने सुमारे ९४ टक्के, तर इंजेक्शनने ७५ टक्के रुग्ण बरे होते. परंतु वायू वा मलावरील ताबा काही अंशी सुटण्याचा त्रास शस्त्रक्रियेच्या गटातच, सुमारे १६ टक्क्यांना, झाला. विषाचा परिणाम काही महिन्यांत ओसरतो; कापलेला स्नायू पूर्ववत होत नाही. बाळंतपणात आधीच इजा झालेल्या स्त्रीसाठी हा फरक मोठा आहे. त्यामुळे ‘कोणता उपचार चांगला’ याआधी ‘कोणासाठी’ हे विचारावे लागते.

घरगुती उपायही याच कसोटीवर घासता येतात. नागपूरचे शल्यचिकित्सक प्रवीण गुप्ता यांनी २००६ मध्ये ताज्या फिशरसाठी कोमट पाण्यात बसण्याची अशीच चाचणी प्रसिद्ध केली. वेदनेत लक्षणीय फरक आढळला नाही; रुग्णांचे समाधान मात्र वाढले.

सुरी आणि सुई या दोन्हींच्या आधी येतात तंतुमय आहार, पाणी आणि वेळच्या वेळी शौच. शाळेतले स्वच्छतागृह घाण असेल, तर मुली दिवसभर पाणी पीत नाहीत आणि मलावरोधाला तिथेच सुरुवात होऊ शकते. शिक्षकांनी प्रथम त्या दाराची कडी आणि नळाचे पाणी तपासावे, असे आम्हाला वाटते.