पौंडाला शंभर पानं: सुमात्राच्या तंबाखूची गोष्ट

विडी वळणाऱ्या बाईचे हात आपल्यापैकी अनेकांनी सिन्नरला किंवा सोलापूरला पाहिले असतील. तेंदूचं भिजवलेलं पान ती पत्र्याच्या मापाने कापते, शिरा काढते, चिमूटभर तंबाखू घालून वळते. तिथे पान एका झाडाचं, तंबाखू दुसऱ्याची. सिगारमध्ये मात्र आतून बाहेरपर्यंत तंबाखूच असते. आत भराव, त्याला आवळून धरणारं एक पान, आणि सगळ्यात वर डोळ्यांना दिसतं ते वेष्टनाचं पान. व्यापारात त्याला रॅपर म्हणतात. आज आपण या वरच्या पानाच्या कातडीबद्दल बोलणार आहोत. कातडीच म्हणू या, कारण पारखी माणूस तिला तसाच बघतो, बोटांनी.

काय बघतो तो? पान पातळ हवं, पण ताणल्यावर फाटता कामा नये. शिरा बारीक हव्यात. मधली जाड शीर काढून पानाचे दोन भाग करतात, आणि गंमत म्हणजे डाव्या भागाचा सिगार एका बाजूने वळतात, उजव्याचा दुसऱ्या बाजूने. शिरांची बाजू आत जाते, गुळगुळीत बाजू बाहेर राहते. रंग सगळीकडे सारखा लागतो. काही जातींच्या पानांवर तेलाचे बारीक दाणे उठतात, हाताला रवाळ लागतात. कॅमेरूनचं पान त्यासाठी ओळखलं जातं. आणि भोक? अळीने पाडलेलं एक भोक असलं तरी तेवढा भाग रॅपर म्हणून बाद. भरावात चुरा चालतो, इथे चालत नाही.

असं पान अमाप प्रमाणात मिळालं ते सुमात्रा बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, देली नावाच्या मुलखात. (आपल्या दिल्लीशी याचा संबंध नाही.) १८६३ मध्ये याकोबस नीनहाउस हा डच माणूस तिथे पोचला. सुलतानाकडून जमीन घेऊन त्याने तंबाखू लावली, आणि पहिल्या गासड्या हॉलंडला गेल्यावर व्यापाऱ्यांच्या लक्षात आलं की हे पान रेशमासारखं आहे. १८६९ मध्ये ‘देली मात्सखापै’ ही कंपनी उभी राहिली. अ‍ॅमस्टरडॅमच्या फ्रास्काती या इमारतीत या मालाचे लिलाव व्हायचे. आजचं मेदान शहर याच पैशावर वाढलं. जंगल तोडायचं, एक वर्ष तंबाखू घ्यायची, मग ती जमीन सात-आठ वर्षं पड ठेवायची, अशी पद्धत. म्हणजे जमीन भरपूर लागायची, आणि माणसंही.

माणसं आली दक्षिण चीनमधून. नंतर जावामधून, आणि थोडी तमिळही. मजुराच्या वाट्याला एक शेत यायचं. रोपं त्याचीच जबाबदारी, अळ्याही त्यानेच हाताने वेचायच्या. हंगामाच्या शेवटी त्याला पैसे मिळायचे ते हजार रोपांमागे, पण दर ठरायचा पानांच्या प्रतीवर. आणि प्रत ठरवणार कोण? मळ्यावरचा गोरा साहेब. त्याने पान उजेडात धरून नाक मुरडलं की दर खाली. उचल आधीच डोक्यावर असायची, ती वळती व्हायची. पानाचा पोत हा मजुराच्या हिशेबातला आकडा होता, हे आम्हाला या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १८८० च्या कुली कायद्याने करार मोडणं हा फौजदारी गुन्हा केला. पळून गेलात, काम नाकारलंत, तर तुरुंग. खुद्द नीनहाउसला मात्र १८७१ मध्येच देली सोडावी लागली होती. मजुरांना फटके मारून ठार केल्याचा आरोप त्याच्यावर होता.

आता अमेरिकेकडे वळू. तिथले सिगारवाले सुमात्राच्या पानावर खूश होते, कारण साधा हिशेब: पान विकलं जातं वजनावर, आणि वापरलं जातं क्षेत्रफळावर. जितकं पातळ, तितकी एका पौंडात पानं जास्त, तितके सिगार जास्त. कनेक्टिकटच्या शेतकऱ्याचं पान जाड, ते मागे पडू लागलं. मग १८८३ च्या जकात कायद्यात चक्क पोताची व्याख्या आली. ज्या मालातली ८५ टक्के पानं रॅपरला लागतील एवढ्या आकाराची आणि बारीक पोताची आहेत, आणि एक पौंड भरायला ज्याची १०० हून जास्त पानं लागतात, त्यावर पौंडामागे ७५ सेंट, बाकीच्यावर ३५. व्यापारी काय करणार? त्यांनी गासडीत हलकी पानं मिसळली, म्हणजे टक्केवारी ८५ च्या खाली. हे भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि १८९० मध्ये निकाल व्यापाऱ्यांच्या विरोधात लागला. त्याच वर्षी मॅकिन्ली कायद्याने रॅपरवरची जकात दोन डॉलर केली. तरी सुमात्राचं पान येतच राहिलं.

शेवटी कनेक्टिकटने ऊनच बदललं. १९०० मध्ये विंडसरजवळ सुमात्राचं बी लावून शेतावर कापडाचा मांडव घातला. ऊन मंद झालं, आत दमटपणा टिकला, पान मोठं आणि पातळ झालं. आजही तिथल्या सावलीतल्या पानाला मान आहे.

देलीत काय चाललं होतं? १९०२ मध्ये मेदानचा वकील फान डेन ब्रांड याने ‘देलीचे कोट्यवधी’ अशा अर्थाच्या नावाची पुस्तिका छापली आणि हॉलंडमध्ये खळबळ उडाली. सरकारने रेमरेव्ह नावाच्या सरकारी वकिलाला चौकशीला पाठवलं. त्याने मारहाण, कोंडून ठेवणं, मृत्यू, सगळं नोंदवलं. अहवाल छापला गेला नाही.

फौजदारी कलम हललं ते पुन्हा जकातीमुळे. अमेरिकेच्या १९३० च्या कायद्यात सिनेटर ब्लेन यांच्या दुरुस्तीने शिक्षेच्या धाकाखाली पिकवलेल्या मालाला बंदी घातली. त्यात माणुसकी किती आणि घरच्या शेतकऱ्याची काळजी किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. देलीच्या तंबाखू कंपन्यांनी मात्र लगोलग ते कलम सोडून दिलं.

रेमरेव्हचा अहवाल दप्तरातून बाहेर काढून १९८७ मध्ये छापला तो यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने. हे नाव आपल्याला परकं नाही. दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांसाठी खानदेशातून ऊस तोडायला जाणाऱ्या टोळ्यांवर लिहिणारे ब्रेमन ते हेच.