विद्यार्थिमंडळांचा मूळ धर्म

नांदेडहून हिंगोलीकडे निघालेल्या प्रवाशास वाटेंत अर्धापूर लागतें. केळीच्या बागांसाठीं हें गांव मराठवाड्यांत प्रसिद्ध आहे. येथील आणि आसपासच्या खेड्यांतील मुलेंमुली आज गांवांतल्या किंवा नांदेडच्या महाविद्यालयांत जातात. तेथें पाऊल टाकतांच भिंतीवर त्यांस पाट्या दिसतात : मराठी वाङ्मय मंडळ, इतिहास मंडळ, विज्ञान मंडळ. प्रत्येक विषयाचें एक मंडळ, त्याचा विद्यार्थी अध्यक्ष आणि विद्यार्थी चिटणीस. हीं मंडळें मुळांत कशासाठीं निघालीं, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. आज तो प्रश्न वाचकांपुढें ठेवावयाचा आहे.

या प्रथेचा उगम शोधूं गेल्यास आपणांस मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनपर्यंत मागें जावें लागतें. तेथें १८४८ च्या जून महिन्यांत प्राध्यापक पॅटन यांच्या उत्तेजनानें ‘स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन झाली. मुंबई विद्यापीठाचा जन्म १८५७ चा. म्हणजे विद्यार्थ्यांची ही सभा विद्यापीठाहून नऊ वर्षांनीं वडील होय! तरुणांनीं जमावें, वाङ्मय, शास्त्र व समाज यांवर निबंध वाचावे आणि त्यांची चर्चा करावी, असा तिचा क्रम होता. तेथेंच शिकून तेथेंच शिकवूं लागलेले दादाभाई नवरोजी हे तिचे एक आधारस्तंभ होते. इंग्रजी न जाणणाऱ्यांसही या ज्ञानाचा लाभ व्हावा म्हणून तिच्या देशी भाषांतील शाखा निघाल्या. मराठी शाखा ती उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा. दादोबा पांडुरंग तिचे अध्यक्ष. ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हें मासिक १८५० सालीं याच चळवळींतून जन्मास आलें.

परंतु या सभेचें खरें मोठेपण निबंधवाचनांत नाहीं. १८४९ सालीं तिच्या सभासदांनीं मुंबईंत मुलींच्या शाळा काढल्या. मास्तरांस वेतन देण्यास पैसा नव्हता, तेव्हां हे तरुण स्वतःच सकाळच्या वेळीं विनावेतन शिकवूं लागले आणि मग आपापल्या कामास जाऊं लागले. लोकनिंदा झाली, शाळा मात्र चालू राहिल्या. ज्यास चार अक्षरें अधिक येतात त्यावर, ज्यास तीं येत नाहींत त्याचें ऋण आहे, असें या तरुणांनीं आचरणानें सांगितलें. आमच्या मतें विद्यार्थिमंडळांचा मूळ धर्म तो हाच.

कोणी म्हणेल, मुंबईची गोष्ट निराळी; तेथें धनिक होते, छापखाने होते. मराठवाड्यांत काय होतें? प्रश्न रास्त आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यांत होता. हैदराबादेस १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें आणि त्याचें शिक्षणाचें माध्यम उर्दू ठरलें. परकी इंग्रजी दूर सारून देशी भाषेंतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग धाडसाचा होता, हें मान्य केलेंच पाहिजे. पण नांदेडकडील शेतकऱ्याच्या मुलास ती भाषा घरची नव्हती. त्याच्या जिल्ह्यांत महाविद्यालय नव्हतें. औरंगाबादेस इंटरपर्यंत सोय होती आणि पदवीसाठीं हैदराबाद गांठावें लागे. अशा मुलास आधार कोणाचा? वसतिगृहांतील वरच्या वर्गाच्या गांववाल्याचा!

या वसतिगृहांची कसोटी १९३८ च्या नोव्हेंबरांत लागली. औरंगाबादच्या व हैदराबादच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास अधिकाऱ्यांनीं मनाई केली. मुलांनीं ती मानली नाहीं, संप झाला आणि शेकडो विद्यार्थ्यांचीं नांवें पटावरून कमी झालीं. ऐन वर्षाच्या मध्यावर हीं मुलें रस्त्यावर आलीं. त्या वेळीं नागपूर विद्यापीठाचे कुलगुरु टी. जे. केदार यांनीं त्यांस दार उघडलें, आणि कित्येकांनीं आपलें शिक्षण तेथें पुरें केलें. पुढें पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्या विस्थापित विद्यार्थ्यांपैकींच एक. केदारांचें औदार्य मोठें खरें. परंतु परमुलखांत, नव्या अभ्यासक्रमास आणि उर्दूच्या जागीं आलेल्या नव्या माध्यमास तोंड देतांना या मुलांचें मोठें बळ म्हणजे त्यांची आपसांतील सोबत.

पुढील इतिहास थोडक्यांत सांगतां येईल. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं संस्थान मुक्त झालें. १९५० मध्यें स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकारानें नांदेडास पीपल्स कॉलेज निघालें. १९५८ मध्यें औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ झालें. आणि १९९४ च्या १७ सप्टेंबरास नांदेडास स्वामीजींच्याच नांवाचें विद्यापीठ उभें राहिलें. अर्धापूरच्या मुलाची वाट अशी हैदराबादेहून औरंगाबादेस, तेथून नांदेडास आणि अखेर त्याच्या गांवापर्यंत आखूड होत आली. विद्या दारीं आली. पण ती घरांत आली काय?

येथें एक स्वानुभव सांगतों. माझ्या नोकरीच्या काळांत एका महाविद्यालयांत एका मंडळाची देखरेख माझ्याकडे होती. वर्षअखेरच्या अहवालांत तीन कार्यक्रम नोंदलेले : उद्घाटन, बक्षीससमारंभ व निरोपसमारंभ. मीं त्याखालीं सही केली. त्याच आठवड्यांत आवारांतील लिंबाखालीं दोन मुली बसलेल्या दिसल्या. एक केळीच्या बागेंत राबणाऱ्या मजुराची मुलगी, शास्त्रशाखेच्या पहिल्या वर्गांतली. दुसरी तिसऱ्या वर्गांतली. थोरली धाकटीस रसायनाच्या इंग्रजी पुस्तकांतील एकेक शब्द मराठींत फोडून सांगत होती. वर्षभर हा क्रम चालला होता, असें विचारतां कळलें. मीं म्हटलें, “तुझें नांव मंडळांत कसें नाहीं?” ती म्हणाली, “सर, तिथं भाषण करावं लागतं. मला भाषण येत नाही.”

ती सही मला आजही बोचते. मंडळाचें खरें काम लिंबाखालीं चाललें होतें आणि अहवाल मात्र सभागृहांतील हारतुऱ्यांचा होता. काल अडचण उर्दूची होती, आज इंग्रजीची आहे. घरांत प्रथमच महाविद्यालय पाहणाऱ्या मुलाची भीति तीच आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरावा, ग्रंथालयांतून कोणतें पुस्तक मागावें, न समजलेलें पुन्हा विचारावें कीं नाहीं, हें त्यास प्राध्यापकापेक्षां दोन वर्षांपूर्वीं त्याच भीतींतून गेलेला विद्यार्थीच अधिक चांगलें सांगूं शकतो. समारंभ नकोत असें आमचें म्हणणें नाहीं. निबंध आणि वादविवाद यांनींही बुद्धि खुलते. परंतु प्रत्येक मंडळानें आपल्या वर्षाची पहिली बैठक पाहुण्याविना घ्यावी. तींत पहिल्या वर्गांतील कोणास काय अडतें याची यादी करावी आणि एकेक नांव वरच्या वर्गांतील एकेकाच्या स्वाधीन करावें. यास पैसा लागत नाहीं. आणि जिला भाषण येत नाहीं, अशा मुलीस त्या बैठकींत आवर्जून बोलवावें.