धुक्यात आणि रांगेत गाडीचे मागचे दिवे : कधी लावायचे, कधी बंद करायचे

डिसेंबर-जानेवारीत बदलापुरात फजरची जमात संपते तेव्हा अजून उजाडलेलं नसतं. मशिदीबाहेर स्कूटर काढताना गल्लीत काही वाटत नाही, पण वस्ती संपून शेतं सुरू झाली की समोरचं सगळं पांढरं. रात्री आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि जमीन ओलसर असली की जमिनीलगतची हवा थंड होते आणि धुकं धरतं. उल्हास नदीकाठी वांगणी-बदलापूर पट्ट्यात ते जास्त, म्हणूनच तिथे लोकलही रखडतात. ऊन चढलं की निघून जातं. पण त्याआधीच एमआयडीसीची पहिली पाळी, दूधवाले आणि सकाळच्या शाळेची मुलं रस्त्यावर आलेली असतात.

१००० मीटरपेक्षा कमी अंतराचं दिसू लागलं की हवामान खातं त्याला धुकं म्हणतं. २०० मीटरच्या खाली दाट, ५०च्या खाली अति दाट. आता हिशोब करा : ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते. पन्नास मीटरवरचं दिसत असेल तर पुढची गाडी ओळखून ब्रेक दाबायला तीन-चार सेकंदही मिळत नाहीत. त्या वेळी तिचा लाल दिवा हीच तिची ओळख.

पहिली चूक इथेच होते, आणि ती नव्या गाड्यांत जास्त होते. आजकालच्या बऱ्याच कारना पुढे पांढरी एलईडी पट्टी असते, ती गाडी सुरू होताच आपोआप पेटते. डॅशबोर्डही उजळलेला असतो. चालवणाऱ्याला वाटतं, लाइट चालू आहेत. पण अनेक मॉडेलमध्ये त्या पट्टीबरोबर मागचा दिवा लागत नाही. मागून गाडी पूर्ण काळोखी! 'ऑटो'वर ठेवलेला स्विचही दिवसाच्या धुक्यात फसतो, कारण सेन्सर उजेड मोजतो, धुकं नाही. म्हणून धुक्यात हेडलाइटचा स्विच हाताने फिरवायचा आणि लो बीमच ठेवायचा, हाय बीमचा उजेड धुक्यावरून आपल्याच डोळ्यांत परततो. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०५ क्रमांकाचा नियमही दिवे फक्त रात्री लावा असं म्हणत नाही, उजेड पुरेसा नसेल तेव्हाही लावायचे आहेत.

दुचाकींचं त्या मानाने सोपं. एप्रिल २०१७पासूनच्या नव्या गाड्यांचा हेडलाइट इंजिनबरोबर लागतोच. मात्र मागचा बल्ब गेला तर बसणाऱ्याला कळत नाही, आणि मागच्या सीटवर बहुधा आपलंच लेकरू असतं.

आता मागचा फॉग लॅम्प. काही गाड्यांना तो असतो, अनेकदा एकच आणि उजव्या बाजूला. डॅशबोर्डवर त्याची खूण पिवळसर, पुढच्या फॉग लॅम्पची हिरवी. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीत साध्या टेल लाइटची तीव्रता किमान ४ कँडेला धरली आहे, मागच्या फॉग लॅम्पची किमान १५०. इतका फरक! दाट धुक्यात हाच दिवा जीव वाचवतो. पण धुकं विरल्यावर तो तसाच राहिला तर मागच्याचे डोळे दिपतात, आणि तो ब्रेक लाइटइतकाच प्रखर असल्यामुळे तुम्ही खरोखर ब्रेक कधी दाबला ते चटकन कळत नाही. ब्रिटनच्या हायवे कोडमधली खूण लक्षात ठेवायला बरी आहे : साधारण १०० मीटरच्या पलीकडचं दिसत नसेल तर लावा, दिसू लागलं की बंद करा. काटई-बदलापूर रस्त्यावर धुकं पट्ट्यापट्ट्याने लागतं, तेव्हा ही नजर ठेवावी लागते. मागची गाडी जवळ येऊन तुमच्यामागोमाग चालू लागली, तर तिला तुम्ही दिसलेले आहात, हेही ध्यानात घ्या.

चारही इंडिकेटर लावून धुक्यात गाडी चालवण्याची आपल्याकडे फॅशन आहे, घाटात तर सर्रास. ते थांबलेल्या किंवा बंद पडलेल्या गाडीसाठी आहेत. चालत्या गाडीचे चारही लुकलुकत असले तर ती कुठे वळणार, मागच्याला काय समजणार?

रांगेतली गोष्ट वेगळी, आणि ती बाराही महिने आहे. कल्याण-अंबरनाथ रस्त्यावर उल्हासनगरच्या हद्दीत संध्याकाळी गाड्या दहा-दहा मिनिटं जागेवर असतात. गेल्या पावसाळ्यात अशाच रांगेत मी स्कूटरवर होतो, पुढे एक उंच ऑटोमॅटिक कार. चालकाचा पाय ब्रेकवर, आणि तिचे एलईडी दिवे बरोबर माझ्या तोंडासमोर. हेल्मेटच्या ओल्या काचेवर तो लाल उजेड असा पसरला की रांग हलल्यावर बाजूने रस्ता ओलांडणाऱ्या बाई मला शेवटच्या क्षणी दिसल्या. काही झालं नाही, अल्लाहचं करम. त्या कारवाल्याला मात्र आपण कुणाला त्रास दिला हे कळलंही नसेल.

यावर उपाय अगदी साधा. मागे कुणी येऊन थांबेपर्यंत ब्रेक दाबून ठेवा, कारण रांगेतल्या शेवटच्या गाडीचा दिवा दिसणं फार गरजेचं असतं. मागची गाडी थांबली की हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल करा आणि पाय काढा. हायवे कोडमध्येही लांब थांब्यासाठी असंच सांगितलं आहे. चढावर हँडब्रेक धरत नसेल तर पाय ठेवा, तिथे सुरक्षितता आधी. गाडी धुक्यातच थांबली असेल तर मात्र पाय ब्रेकवरच राहू द्या.

रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणं हा ईमानचा भाग असल्याची हदीस आपण मुलांना लहानपणीच शिकवतो. वर्गात मुलं काटा आणि दगड अशी उदाहरणं देतात. डोळ्यांत जाणारा दिवा अजून कुणी सांगितलेला नाही.

माघ पौर्णिमेला हाजी मलंगला जाणाऱ्या गाड्या पहाटे नेवाळी नाक्याहून वळतात, तेव्हा जीप आणि टेम्पोंमध्ये कितीतरी जणांचा एक टेल लाइट गेलेला असतो. निघण्याआधी तपासायला गॅरेज लागत नाही. अंधारात गाडी बंद शटरकडे पाठ करून उभी करा, लाइट लावा, ब्रेक दाबा आणि आरशात पाहा : शटरवर दोन्ही बाजूंना लाल उजेड सारखा पडायला हवा. एका बाजूला काळोख दिसला तर बल्ब बदलूनच निघा.