यक्षाचा पहारा

आपल्या परतूरवरून जाणारा लोहमार्ग निजामी राजवटीत १९०० च्या सुमारास खुला झाला. रूळ टाकणे वेगळे आणि अनोळखी उतारूंची गाडी रोज सुखरूप नेणे वेगळे. संगणकाच्या इतिहासातही आम्हांस हाच भेद दिसतो.

मुंबईच्या आयआयटीत प्रा. प्रभू रामचंद्रन यांनी 'यक्ष' ही परीक्षाप्रणाली रचली. तिची भाषा १९९१ साली प्रसिद्ध झालेली पायथन. चौकट २००५ ची जँगो. विद्यार्थ्याने लिहिलेला प्रोग्राम ती तिथल्या तिथे चालवून तपासते. स्वतःच्या मेजावर ती मोजक्या आज्ञांनी सुरू होते. पण सारा वर्ग एकदम दार ठोठावू लागला की तेवढ्याने भागत नाही. मग दारात अपाची सर्व्हर उभा करावा लागतो, उत्तरांसाठी मायएसक्यूएलचे कोठार लागते.

खरी गोम पुढेच आहे. परक्याचा प्रोग्राम चालवणे म्हणजे अनोळखी माणसाला घरात घेणेच! म्हणून ते काम एका वेगळ्या, अधिकारहीन सेवकाकडे असते. त्याचे नावच 'नोबडी', अर्थात 'कोणीही नाही'. त्याच्या हाती घराची किल्ली नसते.

महाभारतातला यक्ष प्रश्न विचारी, तसा सरोवरही राखी. लोकांसाठी यंत्र उघडणाऱ्याने हे दुसरे काम विसरू नये, एवढेच आमचे सांगणे.