शटर ओढून ठाण्याला

वसई रोड स्थानकाच्या पूर्वेला उतरलं की रिक्षावाला विचारतो, ‘वालीव? सातिवली? गोखिवरे?’ ही गावांची नावं खरी, पण विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गाव नसतं, गाळे असतात. प्लॅस्टिकची झाकणं, स्टीलची भांडी, पुठ्ठ्याची खोकी, यंत्रांचे सुटे भाग, काय काय म्हणून तिथं बनतं! नवख्या माणसाला वाटतं, ही सरकारी औद्योगिक वसाहत असणार. तसं नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली सुरू झालं आणि त्यानं अंबरनाथ, डोंबिवली, तारापूर इथं वसाहती उभ्या केल्या. वसई तालुका मधल्या मध्ये राहिला. इथले गाळे खासगी जमीनमालकांनी आणि बिल्डरांनी बांधले.

मग लहान उद्योजकासाठी सरकारनं काही केलंच नाही, असं म्हणायचं का? केलं, आणि पुष्कळ केलं. १९५४ मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या मदतीनं आलेल्या परदेशी तज्ज्ञांनी अहवाल दिला आणि त्यातून लघुउद्योग सेवा संस्था निघाल्या. त्यातली मुंबईची संस्था पुढं साकीनाक्याला होती. १९५५ मध्ये राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळ आलं. लहान कारखानदाराला त्यानं हप्त्यानं यंत्रं द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी ग्रामोद्योग आणि लघुउद्योगांसाठी जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष होते आपले दत्तात्रेय गोपाळ कर्वे, पुण्याच्या बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य. अर्थशास्त्राच्या वर्गाबाहेर आज त्यांचं नाव फारसं निघत नाही, ही आपल्या विस्मरणाची गोष्ट. राज्यानंही १९६२ मध्ये लघुउद्योग विकास महामंडळ काढलं. टंचाईच्या त्या दिवसांत लोखंड, मेण असा कच्चा माल त्याच्यामार्फत मिळे. ज्याच्याकडे लघुउद्योग नोंदणीचा क्रमांक, त्याला माल. ज्याच्याकडे नाही, त्याला काळा बाजार.

आता वसईची अडचण पाहा. १९६४ साली राज्यानं सामूहिक प्रोत्साहन योजना आणली. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात साचलेले उद्योग बाहेर जावेत, हा तिचा हेतू. म्हणून सवलती मागास भागांना. पुढं १९७० च्या दशकात मुंबईत नव्या कारखान्यांवर बंधनं आली, जागाही महागली. साकीनाका, अंधेरी, गोरेगावचा लहान कारखानदार पश्चिम रेल्वेच्या रुळांवरून उत्तरेकडे सरकत वसईला येऊन थांबला. मालक आणि कामगार, दोघांनाही लोकल सोडवत नव्हती. पण वसई मुंबईच्या इतकी जवळ, की मागासपणाच्या सवलती मागायला तोंड नाही.

डिसेंबर १९७७ मध्ये जनता सरकारचे उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी नवं औद्योगिक धोरण मांडलं. लहान उद्योगांचं केंद्र मोठ्या शहरांतून आणि राजधान्यांतून उचलून जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायचं, असं त्यात होतं. १९७८ मध्ये जिल्हा उद्योग केंद्रं सुरू झाली. नोंदणी, कर्जाची शिफारस, कच्चा माल, सल्ला, सगळं एका छताखाली. कल्पना उत्तम होती. पण आमचं जिल्ह्याचं ठिकाण होतं ठाणे! २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांवर गेली होती. भिवंडीच्या मागापासून मोखाड्याच्या पाड्यापर्यंत सगळे त्या एका जिल्ह्यात.

वसईहून ठाण्याला जायचं म्हणजे लोकलनं दादर गाठायचं आणि गाडी बदलून पुन्हा उत्तरेला यायचं. नाहीतर एसटीनं घोडबंदरचा रस्ता. दोन लेथ आणि तीन कामगार असलेल्या माणसाचा त्यात दिवस जातो. मालकच फोरमन, मालकच हिशेबनीस. तो शटर ओढून निघाला की काम थांबलं. साहेब दौऱ्यावर असले तर दुसरा दिवस. तात्पुरती नोंदणी एकदा, कायम नोंदणी पुन्हा एकदा. या खेपांचा खर्च कोणत्याही योजनेच्या पत्रकात लिहिलेला नसतो.

खरी मेख मात्र अंतरात नव्हती, कागदात होती. सरकारी मदत कागदावरून वाहते. जागेचा सातबारा, बिगरशेती परवाना, बांधकामाची मंजुरी. पूर्वेच्या पट्ट्यातले कित्येक गाळे विनापरवाना उभे राहिले आणि त्यांत धंदा करणारा बहुधा भाडेकरू. त्यानं तारण काय ठेवायचं? २००० साली केंद्रानं विनातारण कर्जासाठी हमी योजना आणली. तरी बँकेच्या टेबलावर पहिला प्रश्न तारणाचाच, असा अनुभव सांगणारे मला बरेच भेटले आहेत.

अशा वेळी वसईकर कुणाकडे जात? त्याचं उत्तर फार जुनं आहे. १९१२ च्या सहकार कायद्यानंतर इथं सहकाराचं बी रुजलं आणि १९१८ मध्ये मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकारानं बॅसीन कॅथॉलिक पतसंस्था उभी राहिली. केळी-भाजीवाला शेतकरी सावकाराच्या हातून सुटावा म्हणून निघालेली ही संस्था पुढं बँक झाली. सरकारनं इथं पैसा दिला नव्हता. कायदा आणि निबंधकाचा शिक्का दिला होता. कर्ज देणारा मागणाऱ्याला ओळखत असे, त्याचं घर आणि त्याची वाडीही ओळखत असे. ती ओळख पश्चिमेच्या वाडीवाल्याच्या कामी आली. पूर्वेला मुंबईहून आलेल्या गाळेवाल्याला मात्र इथं ओळखणारं फारसं कुणी नव्हतं.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला आणि जिल्ह्याचं ठिकाण वसईच्या त्याच रेल्वेमार्गावर आलं. १ जुलै २०२० पासून उद्यम नोंदणी सुरू झाली. ती मोफत आहे, घरबसल्या होते, कागदही जोडावे लागत नाहीत. आता शटर ओढावं लागत नाही. प्रमाणपत्र मोबाइलवर येतं. ते घेऊन माणूस कर्जासाठी बँकेत जातो आणि समोरचा अधिकारी विचारतो, ‘गाळा कुणाच्या नावावर आहे?’