उजवे वळण डावीकडून

जालना जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर (नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला) एकही चौक नाही. उजव्या हाताच्या गावाला जायचे असले तरी आधी डावीकडूनच बाहेर पडावे लागते. असे का?

आपण फळ्यावर चार रस्त्यांचा साधा चौक काढू. सरळ जाणारे आणि वळणारे सर्व मार्ग रेखाटले, की ते एकमेकांना १६ ठिकाणी छेदतात. आता उजवी वळणे पुसू. छेद उरतात फक्त ४! (अमेरिकेत वाहने उजव्या बाजूने चालतात, म्हणून तिकडच्या पुस्तकांत हीच तक्रार डाव्या वळणाची असते. आकृतीशेजारी आरसा धरावा.)

मेरीलँडचे अभियंता आर्थर हेल यांनी यावर भूमितीचा तोडगा काढून १९१६ साली पेटंट घेतले. एक रस्ता पुलावरून नेला, की उरलेले ४ छेदही जातात. वळणाऱ्याने पूल मागे टाकायचा आणि गोल फिरून दुसऱ्या रस्त्याला मिळायचे. आपल्याकडच्या भाषेत, डावीकडे २७० अंश म्हणजेच उजवीकडे ९० अंश! १९२९ मध्ये न्यू जर्सीतील वुडब्रिज येथे अशी चार पाकळ्यांची रचना उभी राहिली. चेन्नईचा कत्तिपारा (२००८) त्याच घराण्यातला.

ही युक्ती फुकटची मात्र नाही. जागा भरपूर लागते. शिवाय एका पाकळीतून येणारी आणि पुढच्या पाकळीत शिरणारी वाहने थोड्याच अंतरात एकमेकांना आडवी जातात. आणि पायी रस्ता ओलांडणाऱ्यांचे मार्ग तर आपल्या फळ्यावर अजून आलेलेच नाहीत. ते विद्यार्थ्यांना काढायला सांगावे.