प्रकाशबाधा (मेंढ्यांमधील)

चरण्यातून होणाऱ्या विषबाधेचा एक प्रकार. दिसते कातडीवर, असते बहुधा यकृतात. सकाळी धडधाकट गेलेले मेंढरू दुपारी मान झटकू लागते, कान सुजून लोंबतात, पापण्या मिटतात आणि ते बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत डोके खुपसून उभे राहते. ऊन लागले, असे वाटते. ऊन लागलेलेच असते, पण त्याची तयारी आधीच्या काही दिवसांच्या चाऱ्याने केलेली असते.

हिरव्या पाल्यातील हरितद्रव्याचे मेंढीच्या कोठीपोटात विघटन होऊन फायलोएरिथ्रिन हे द्रव्य तयार होते. निरोगी यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकते. यकृत बिघडले किंवा पित्तनलिका तुंबल्या की ते रक्तातून कातडीपर्यंत पोहोचते आणि प्रकाश पडताच तिथल्या पेशी होरपळतात. लोकरीखालची पाठ त्यामुळे वाचते. कान, ओठ, नाकपुड्या सापडतात. पुढे कातडी तडकते, माश्या बसतात, किडे पडतात, कानांची टोके वाळून गळतात. काही वनस्पतींतील द्रव्ये यकृताला धक्का न लावताही थेट असाच परिणाम करतात, पण मेंढ्यांत यकृताची वाटच जास्त चालती.

यकृत बिघडवणाऱ्यांत उष्ण प्रदेशातली चांगली म्हणवणारी गवतेही आहेत. ब्राझील आणि मलेशियात ब्रॅकियारियाच्या कुरणांवर मेंढ्या, त्यातही कोकरे, अशी आजारी पडतात. कारण त्या गवतातील सॅपोनिने. पॅनिकम वर्गातील गवतांनी होणाऱ्या बाधेला दक्षिण आफ्रिकेत ‘जाड कान’ अशा अर्थाचे नाव आहे. तिथल्याच कारू पठारावर ‘पिवळे जाड डोके’ या नावाने कुप्रसिद्ध असलेला रोग होतो तो मात्र आपल्या ओळखीच्या सराट्याने, म्हणजे गोखरूने. पाऊस पडून सराटा तरारतो, मग उघडीप होऊन उन्हात कोमेजतो, आणि नेमका तेव्हा बाधतो. सॅपोनिनांपासून बनलेले स्फटिक पित्तनलिकांत अडकतात.

पावसाने ओढ देण्याचा हा क्रम मराठवाड्याला नवा नाही. बीड जिल्ह्यातील माजलगावला सिंदफणेवरचे धरण आहे, कालवे आहेत, उसाचे हिरवे पट्टे आहेत; पण मेंढरांच्या वाट्याला येतात बांध, पडीक रान आणि कालव्याची कड. सराटा पडिकात पसरतो. बांधाच्या कुंपणाला घाणेरी (टणटणी) असते. तिच्यातील लँटाडीन यकृतावर घाला घालते आणि कोठीपोटाची हालचालही मंदावते. त्यामुळे खाल्लेला पाला पोटातच पडून राहून दिवसेंदिवस विष पुरवत राहतो. म्हणूनच उपचारात सक्रिय कोळसा पाजतात. पाण्याकाठच्या बेशरमचे विष निराळे. ते मज्जासंस्थेवर जाते, जनावर अडखळू लागते, आणि चटक लागली की तेच शोधत फिरते. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांची ‘किराळ’ तर उन्हाची वाटही पाहत नाही: सायनाइडमुळे काही मिनिटांत जनावर आडवे होते, रक्त लालभडक दिसते.

दख्खनी मेंढी बहुतांशी काळी. काळ्या कातडीतील रंगद्रव्य प्रकाश अडवते, म्हणून तिच्यावर खुणा कमी उमटतात. हे वरदान मानायचे की फसवणूक, हा प्रश्नच आहे. कारण यकृताची नासाडी काळ्या मेंढीतही तितकीच होते, फक्त ती उशिरा कळते. अंगावर पांढरे जास्त असलेली माडग्याळ मेंढी लवकर बोलकी होते.

पावसाळ्यात चेहरा सुजला की पहिला संशय नीलजिव्हा रोगावर जातो, आणि तो रास्तच असतो. त्या रोगात आधी सणसणीत ताप येतो, तोंड लालबुंद होते, जनावर लंगडते. प्रकाशबाधेत खालची पापणी ओढून पाहावी: आतला भाग हळदीसारखा पिवळा दिसला, लघवीही गडद होत असेल, तर रोख यकृताकडे. जबड्याखालीच पाण्याची पिशवी लोंबत असेल तर ओल्या काठांवर चरून पोटात गेलेला चपटा यकृतकृमी आठवावा.

नेमका उतारा नाही. रान बदलणे, दिवसभर गडद सावली, हिरव्याऐवजी कडबा (हरितद्रव्यच कमी मिळावे म्हणून), जखमांवर झिंक ऑक्साइडचे मलम आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषधे. चारायला न्यायचेच तर दिवस मावळल्यावर. उजाडायच्या आत मेंढरे पुन्हा सावलीत.